धबधबा कुठे पळून जातोय

सूर बंदरातले वडीलधारे, आमचे थोरले मेव्हणे मुबारक बिन सुवैद यांना खल्फानचा मनापासून सलाम.

तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? मुलं, नातवंडं, होडी, बकऱ्या सगळं ठीक ना? इकडे सगळं खुशाल आहे. काही बातमी नाही. (आहे, पण ती सुरुवातीलाच सांगितली तर माझे वडील कबरीतून उठून कान धरतील.)

झुवैना तुमच्याकडे आली आहे. ताजी मासळी खावीशी वाटली म्हणून आले, असं तिने सांगितलं असेल. मेव्हणे, मासळी आमच्या दारातही येते. तिने तुम्हाला काहीच सांगितलं नसणार, म्हणून माझी बाजू मीच लिहितो, आणि लिहायला बसल्यावर लक्षात येतंय की माझी बाजू फारशी नाहीच.

आमची घळ तुम्ही पाहिलेली आहे. तोंडाशी होडीतून पलीकडे उतरायचं, खजुरीच्या बागांमधून पाटाच्या कडेने चालत राहायचं. इतकी सोपी वाट की परदेशी लोक तान्ही पोरं पाठीला बांधून जातात. शेवटी तेवढे डोह पोहायचे, खडकातल्या चिरेतून डोकं आत घालायचं, की आत धबधबा. लग्न होऊन आली तेव्हापासून तुमची बहीण म्हणत होती, मला तो दाखवा, जगभरचे लोक पाहून जातात आणि मी त्याच्या शेजारी राहून चुलीपुढे बसते. मी म्हणायचो, धबधबा कुठे पळून जातोय? खजूर उतरले की जाऊ. मग मुलं लहान होती, मग ऊन होतं, मग गर्दी होती. धबधबा खरंच कुठे गेला नाही. आम्ही दोघं मात्र म्हातारे झालो.

या ईदनंतर तिने विचारलंच नाही. सकाळी खजूर आणि कहव्याचा थर्मास बांधून दारात उभी राहिली. मी निघालो. वाटेत मी तिला सगळं समजावत होतो, इथे शेवाळ आहे, इथे दगड हलतो, मी इथलाच आहे, माझ्या मागून ये. ती माझ्या मागून आली आणि मी दाखवलेल्या दगडावरूनच तिचा पाय मुरगळला. सपाट जागी. पहिल्या डोहाच्या काठावर तिला बसवलं, पाय पाण्यात सोडायला लावला आणि वरच्या वाडीतून गाढव आणायला धावलो.

वाडीच्या तोंडाशी गाढवाचा मालक सुबैत आणि त्याचे भाऊ चटईवर बसले होते. सुबैतने उठून विचारलं, काय बातमी? आता तुम्हीच सांगा, यावर माणूस काय म्हणतो? सख्खा बाप वारला असला तरी म्हणतो, काही बातमी नाही, सगळं खुशाल. मीही म्हणालो. मग दुसऱ्या भावाने विचारलं, तिसऱ्याने विचारलं, मी प्रत्येकाला खुशाली दिली, त्यांची घेतली, खजूर खाल्ला. कहवा आला. कहवा होईपर्यंत रडगाणं काढायचं नाही एवढं वळण मला आहे. म्हणून घाईघाईने पेला रिकामा केला, आणि त्याच घाईत ‘पुरे’ म्हणून तो हलवायचं विसरून तसाच पुढे धरला, तर वाढणाऱ्याने पुन्हा भरला. असं किती वेळा झालं ते विचारू नका. शेवटी पेला हलवला आणि म्हणालो, बायको डोहाकाठी पाय मोडून बसली आहे.

सुबैत म्हणाला, "अरे भल्या माणसा, विचारलं तेव्हा खुशाल आहे म्हणालास ना?"

"तेव्हा तुम्ही नुसतं विचारलं होतं," मी म्हणालो.

सगळे गाढव घेऊन धावलो. काठावर थर्मास होता, तिच्या चपला होत्या, ती नव्हती. मेव्हणे, त्या चपला मी हातात उचलून घेतल्या. तुम्हाला काय तोंड दाखवू, एवढंच मनात येत होतं. सुबैतचे भाऊ पाण्यात उतरले, मी काठावरून हाका मारत बसलो.

तेवढ्यात आतल्या डोहातून ती आली. निझवा शहरातल्या दोन शिक्षिका सुट्टीला आल्या होत्या, त्यांनी तिला एकटीला बसलेली पाहिलं. मुरगळलेल्या पायाला पाण्यात काय होतंय, असं हिनेच त्यांना सांगितलं म्हणे, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पोहत, चिरेतून आत जाऊन, धबधब्याखाली बसून आली. तोंडावर असं काही होतं की मी ते लग्नातही पाहिलं नव्हतं. मला पाहिलं आणि ते मावळलं.

गाढवावर बसवून आणताना मी विचारलं, काय, कसा आहे?

"काही बातमी नाही," ती म्हणाली. "सगळं खुशाल."

घरी आल्यावरही तेच. जेवणात मीठ कमी आहे का, काही बातमी नाही. पाय दुखतो का, सगळं खुशाल. पाय बरा झाला तशी तुमच्याकडे निघून आली. घरात आता मी, बकऱ्या आणि तो थर्मास. पस्तावलो आहे, हे मोकळेपणाने लिहितो.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
खल्फान

ता. क. ती येते का, हे तिला विचारू नका. आधी कहवा द्या.

ता. क. दुसरा. तिला लहानपणी समुद्रात पोहायला तुम्हीच शिकवलंत, असं ती सांगते. माझ्या वयाच्या माणसाला शिकवता येईल का? गावात कुणाला कळता कामा नये, म्हणून सूरलाच येईन.

ता. क. तिसरा. धबधबा कसा आहे ते तिने बोलता बोलता सांगितलं तर कळवा. मी डोहाच्या या बाजूने नुसता आवाज ऐकला आहे.