चार नंबरचा पेपर

३ मार्च, सोमवार

माझ्याच नोकरीची जाहिरात आज मीच लिहिली! हसावं की रडावं!

कायदाच तसा आहे. कंपनीला माझा व्हिसा पुढे चालवायचा असेल तर आधी चार आठवडे जाहिरात द्यायची, लेखी परीक्षा घ्यायची, आणि या कामाला इथला एकही लायक माणूस मिळाला नाही असं कागदावर दाखवायचं. मिळाला, तर माझा अर्ज तिथेच संपला. माझा आत्ताचा व्हिसा तीस जूनपर्यंत. ठकीचं शाळेचं शेवटचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. म्हणजे अर्ज फसला तर पोरीला ऐन शेवटच्या वर्षी शाळा सोडून परत.

साहेब म्हणाले, "तुमचं काम तुमच्याशिवाय कोण नीट लिहिणार?" ते मात्र खरं. अकरा हॉस्पिटलांचं नेटवर्क मी आखलंय. प्रत्येक इमारतीत दोन वेगळ्या वाटांनी तार आणलीय, एक तुटली तर दुसरीवरून काम चालू. सहा वर्षांत एकदाही बंद नाही. एकदाही! ऑपरेशन चालू असताना एक्स-रे पडद्यावर येतो तेव्हा डॉक्टरांना मी आठवत नाही, आणि आठवू नयेच. आमच्या धंद्यात आठवण आली म्हणजे काहीतरी बंद पडलंय.

फुशारकी वाटते आहे का ही? वाटू दे. वही माझी आहे.

४ मार्च, मंगळवार

वकीलबाईंना जाहिरात आवडली नाही. "अहो, इतकी रुंद का लिहिलीत? तुम्ही एकट्याच मावाल अशी लिहायची असते. सगळे तसंच करतात."

म्हटलं, कामाला जे लागतं ते लिहिलंय. जे लागत नाही ते कशाला मागू?

बाईंनी सुस्कारा सोडला. मोठा.

५ मार्च, बुधवार

आईचा फोन. तिला सगळं समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी म्हणाली, "म्हणजे पाहुणे तूच बोलवायचे, आणि त्यांनी घर पसंत केलं की तूच बाहेर पडायचं? हे कोणी शोधून काढलं गं?"

इतकं सोपं करून वकीलबाईंनाही सांगता आलं नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार

सात अर्ज. म्हटलं, येऊ देत. परीक्षेचा पेपरही मीच काढलाय, आणि तो सोडवणं म्हणजे खायचं काम नाही.

शेवटचा प्रश्न माझ्याच नेटवर्कवरचा आहे. नावं पुसून आमच्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलचा खरा नकाशा दिलाय: ही मांडणी तपासा आणि उणिवा असतील तर लिहा. तीस गुण. उणिवा नाहीतच! मला बघायचंय की एवढी चोख मांडणी ओळखायला किती जणांना येते.

४ एप्रिल, शुक्रवार

परीक्षा झाली. सातपैकी पाच जण आले. कोण आले, कसे दिसतात, काही माहीत नाही. मला त्या मजल्यावर जायचीच बंदी होती. पेपरांवर नावं नाहीत, फक्त नंबर.

तपासणार कोण, हे विचारल्यावर साहेब निरागसपणे म्हणाले, "तुम्हीच! आमच्यात दुसऱ्या कुणाला कळतंय?"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "नंबर आहेत म्हणून चालेल. पण प्रत्येक पेपरवर तुमची सही लागेल." शंभरपैकी साठ गुणांना पास.

७ एप्रिल, सोमवार

तीन पेपर झाले. एकतीस, चव्वेचाळीस, एकोणचाळीस. पाच नंबरने तर अर्धा पेपर कोराच सोडलाय. एका नंबरने माझ्या नकाशाखाली लिहिलंय, "अप्रतिम मांडणी, एकही उणीव नाही." मनातून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू! पण बाकीची उत्तरं यथातथाच, त्याला इलाज नाही.

घरी येताना बेकरीतून केक घेतला. ठकीने विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, असाच.

९ एप्रिल, बुधवार

चार नंबरचा पेपर.

पहिल्या पानावरच कळलं. मी ज्या क्रमाने विचार करते त्याच क्रमाने हा माणूस विचार करतो. बदल करण्याआधी, तो फसला तर मागे कसं फिरायचं ते लिहितो. पाल्हाळ नाही. एका उत्तरात माझ्यापेक्षा सोपी रीत दाखवलीय, ती मी गुपचूप उतरवून घेतली.

आणि मग शेवटचा प्रश्न. चारच ओळी. "दोन्ही तारा इमारतीत शिरण्याआधी जमिनीखालच्या सतरा नंबरच्याच खड्ड्यातून येताना दिसतात. तसं असेल तर हे दोन रस्ते नाहीत, एकच रस्ता दोनदा काढलेला आहे. कुणी तिथे खोदलं तर दोन्ही एकदम जातील. प्रत्यक्ष जाऊन पाहावं."

मला इतका राग आला! नकाशा मी काढलाय, सहा वर्षं हॉस्पिटल माझ्या जिवावर चाललंय, आणि हा कोण मला प्रत्यक्ष जायला सांगणारा?

नकाशा पुन्हा पाहिला. दोन्ही तारांपुढे सतराच लिहिलंय, माझ्याच हाताने. म्हटलं, लिहिण्यातली चूक असणार.

१० एप्रिल, गुरुवार

नवऱ्याला सांगितलं. तो इथे माझ्या व्हिसावर आलेला, त्याला नोकरीची परवानगी नाही. तिकडे बँकेत होता. सहा वर्षं घर बघतो, ठकीला गणित शिकवतो, कधी चकार शब्द काढला नाही.

शेवटचा प्रश्न सोडून सगळे तपासले होते. चौसष्ट झाले. पास.

तो म्हणाला, "थोडे इकडेतिकडे कर. एखादं उत्तर कडक तपासलं तर कोण विचारणार आहे? पोरीचं वर्ष आहे गं."

ठकी दारात उभी होती, आम्हाला कळलंच नाही. "मग नापास कर ना त्याला! तो तुझा कोण लागतो?" आणि खोलीचं दार आपटलं.

तो माझा कोण लागतो? कोणीच नाही. पेन्सिलने अठ्ठावन्न लिहून ठेवलेत. शेवटच्या प्रश्नाला शून्य.

११ एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी आज नव्या वर्षाची कामं माझ्या नावाने फळ्यावर लिहिलीसुद्धा. "तुमच्यासारखं माणूस आम्हाला मिळणार नाही हो," म्हणाले. एरवी दिवसभर हवेत तरंगले असते.

१३ एप्रिल, रविवार

राहवलं नाही. हॉस्पिटलला गेले. वॉचमनला ओळख दाखवली, मागच्या पार्किंगच्या कडेला सतरा नंबरचं झाकण आहे ते दोघांनी मिळून उचललं. माझी नखं तुटली. टॉर्चचा झोत आत टाकला.

एकच पाइप. त्यात दोन्ही तारा, शेजारी शेजारी.

सहा वर्षांपूर्वी इमारतीचा कंत्राटदार म्हणाला होता, "मॅडम, दोन वेगळे पाइप टाकलेत." बाकी दहा ठिकाणी मी झाकणं उघडून बघितली. इथे त्या दिवशी पाऊस होता आणि मी त्याच्या शब्दावर सही केली. नकाशात मात्र कुठला खड्डा ते इमानदारीत लिहिलं, आणि लिहिलेलं पुन्हा कधी वाचलं नाही. या पार्किंगमध्ये कुणी एक खांब रोवला असता तर वरच्या चार मजल्यांवरचे सगळे पडदे काळे झाले असते.

वॉचमन म्हणाला, "काही हरवलंय का, मॅडम?" म्हटलं, नाही, सापडलंय.

परत येताना बसमध्ये डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारच्या आजींनी रुमाल दिला. लाज वाटत होती, पण नुसती लाज नव्हती. त्या माणसाने परीक्षेत बसल्या बसल्या, नुसता कागद बघून हे पकडलं! मी पेपर काढला नसता तर तो खड्डा आणखी दहा वर्षं तसाच राहिला असता. असा प्रश्न मी विचारू शकले आणि त्याचं असं उत्तर ओळखू शकले, याचाही कुठेतरी अभिमान वाटला. वाटायला नको होता, पण वाटला.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी पहिलं काम: दुसरा पाइप टाकायची मागणी. कारणात स्वच्छ लिहिलं, माझी चूक. साहेबांनी वाचून विचारलं, "हे लिहायलाच हवं का?" म्हटलं, हवं.

पेपर आज पाचपर्यंत द्यायचे आहेत. चार नंबर अजून माझ्या टेबलावर आहे, खोडरबर त्याच्यावर ठेवलाय. दोनदा चहा घेऊन आले. ठकी आज डबा न घेताच शाळेत गेली.

साडेचार वाजलेत.

२ जून, सोमवार

चार नंबर आज रुजू झाल्या. हो, बाई निघाल्या! पन्नाशीच्या, गळ्यात दोरीचा चष्मा, आल्या आल्या म्हणाल्या, "आधी झाकणं बघू या." अकराच्या अकरा! नव्या पाइपाशी वाकून खात्री करून घेतली तेव्हा मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

आमचं विमान अठ्ठावीसला. नवरा बँकेतल्या जुन्या मित्रांना फोन लावतोय. ठकी माझ्याशी अजून धड बोलत नाही. पण काल मैत्रिणीला सांगत होती, "माझ्या आईने तिच्याच जागेवरचा माणूस स्वतः पास केला," आणि आवाजात काय तोरा होता!

चहा घेताना त्यांनी विचारलं, "माझा पेपर कोणी तपासला हो? किती मिळाले ते कुणी सांगितलंच नाही."

"मी. चौऱ्याण्णव."

त्यांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "आणि सहा कुठे गेले?"

"अक्षर फार वाईट आहे तुमचं."