सुपातली अक्षरं

अमरावती,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १७८५

चिरंजीव किसन यास मनकर्णाअक्काचे अनेक आशीर्वाद.

घरी सगळी बरी आहेत. पुंजाजी गाडीवानाने तुझा निरोप पोचवला. अकोल्याला कापसाच्या गाड्या उभ्या करायला जागा नाही आणि तुला धड जेवायला फुरसत नाही, म्हणाला. इकडेही तेच चाललंय. सातासमुद्रापलीकडे कुणाची लढाई पेटली आणि आपल्या काळ्या मातीचं नशीब उघडलं, असं लोक बोलतात. वेचणीला बाया मिळत नाहीत. तुझी सुभद्रा सकाळी वावरात जाते ती दिवेलागणीलाच परतते.

संक्रांतीला तू येशील तेव्हा नत्थूने तुला अक्षरं म्हणून दाखवावीत, हे कळलं. अकोल्याला बिऱ्हाड करून पुढे त्याला शाळेत घालायचं तुझ्या मनात आहे, तेही कळलं. पण तीन वर्षांचं लेकरू, पाटी हातात दिली तर पळून जाईल. म्हणून मी खेळच मांडलाय. सुपात सरकी पसरते आणि बोटाने अक्षर ओढते. ग काढला की गोठ्यात नेऊन गाय दाखवते. म काढला की चुलीजवळची मांजर. ब काढते तेव्हा सूप तुझ्या जुन्या जोड्यांपाशी नेऊन ठेवते. ब बाबांचा. आता तो स्वतःच एकेक सरकी उचलून ओळीने लावतो, जीभ बाहेर काढून, अगदी तुझ्यासारखा. तू पंतोजींकडून आलास की खळ्यातल्या धुळीत अक्षरं काढायचास आणि मी तुझ्या खांद्यावरून बघायची. माझी शाळा तेवढीच. ती आज कामी येते आहे.

तोंडाने अजून म्हणत नाही. लाजतो. कार्तिकात जरा गोवर निघाला होता, त्यामुळे अंगाने वाळला आहे. आता ताप नाही. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

सुभद्रा नमस्कार सांगते. आणखी काय लिहू म्हणून विचारलं तर, "काही नोको," म्हणाली.

मनकर्णा

---

अमरावती,
मार्गशीर्ष वद्य एकादशी

चि. किसन यास आशीर्वाद.

तू पाठवलेली पिपाणी पोचली. रंग सुरेख आहे. नत्थूला फार आवडली. त्याने ती एकदा फुंकली, बाजूला धरून पाहिली आणि मग तिच्यात सरकी भरायला लागला. भरायची, सुपात ओतायची, पुन्हा भरायची. दुपारभर त्याचा तोच खेळ.

किसन, पुंजाजी उद्या पहाटे गाडी जुंपतो आहे. तू निघायच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं, म्हणून आता आडपडदा ठेवत नाही. गोवर जरा नव्हता. पोर हातचं जातं की काय अशी पाळी आली होती. दोन्ही कान वाहत होते. वैद्यबुवांनी लसणाचं तेल घालायला सांगितलं, ते घातलं. ताप उतरला, पेज पोटात राहायला लागली, तेव्हा आम्हा दोघींना वाटलं, सुटलो.

दसऱ्याला तू गेलास तेव्हा तो "बाबा, बाबा" करत गाडीमागे वेशीपर्यंत धावला होता, तुला आठवत असेल. दुखण्यातून उठल्यावर तो शब्द काही दिवस त्याच्या तोंडी होता. मग कमी झाला. मग गेला. आई, दूध, चांदोबा, एकेक करून सगळे गेले. अशक्तपणा असेल म्हणून मी मनाची समजूत घालत होते.

मला कळलं ते खेळताना. मी ग म्हटलं की तो ग दाखवायचा, मला केवढा आनंद व्हायचा. एकदा गारठ्याने मी पदर तोंडावरून घेतला होता आणि म्हटलं, "नत्थू, ग कोणता?" तो माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा विचारलं. त्याने पुढे सरकून माझ्या तोंडावरचा पदर ओढला. तो माझे ओठ वाचत होता रे. आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

सुभद्रेला सांगितलं तर माझ्यावरच उसळली. "काहून परीक्षा पाहून राहिल्या लेकराची? तो ऐकते. खेळात असला का ध्यान देत नाही."

पिपाणी आली त्या दिवशी ती वावरातून लवकर आली. हातपायही धुतले नाहीत. त्याच्या हातून पिपाणी घेतली, त्याला सुपाशी बसवलं आणि मागे जाऊन उभी राहिली. फुंकली. तो सरकी लावत होता. पुन्हा फुंकली. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली, शेजारणीने कुंपणावरून डोकावून पाहिलं, पण त्याने मान वळवली नाही. ती फुंकत राहिली, दम संपेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटी मी तिच्या हातून पिपाणी काढून घेतली. ती तिथेच खाली बसली. म्हणाली, "अक्का, त्यायले नका सांगू. तुमाले माह्या गळ्याची शपथ. ते मलेच बोल लावतीन."

का म्हणाली, ते तुला ठाऊक आहे. आधीची दोन लेकरं गेली तेव्हा, "तुझ्या हातात लेकरू टिकत नाही," असं तू तिला बोलला होतास. तू रागात बोललास आणि विसरलास. ती विसरली नाही. हे तिसरं टिकावं म्हणून तिने बारशालाच त्याचं नाक टोचून घेतलं, नत्थू नाव ठेवलं. गोवरात ती किती रात्री त्याला छातीशी घेऊन बसली, ते मी पाहिलंय. दोष असलाच तर दुखण्याचा आहे. तिचा नाही.

शपथ मोडून लिहिते आहे. काय पाप लागायचं ते मला लागू दे.

वैद्यबुवा म्हणतात, वाट पाहा. पण ते बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. त्याला शाळेत घालायच्या तुझ्या बेताचं काय होईल, मला माहीत नाही. एवढं मात्र सांगते, काल सकाळी मी दळत होते. जोड्यांपाशी जाऊन पाहिलं तर तिथे त्याने सरकीचा ब लावला होता. कुणी सांगितलं नव्हतं. वाकडा होता, मधली रेघ बाहेर गेली होती. त्यापाशी बसून तो दाराकडे बघत होता.

संक्रांतीला ये. पण एक कर. नेहमीसारखी वेशीतून, दारातून हाक मारू नकोस. तो वळणार नाही आणि तुझा उतरलेला चेहरा सुभद्रेला दिसेल. सरळ आत ये, त्याच्या समोर बस, त्याला तुला नीट पाहू दे. नंतर सुभद्रेजवळ जा. तिला काय बोलायचं ते गाडीत बसल्या बसल्या ठरवून ये, कारण तिला सगळं ऐकू येतं.

तुझी वाट पाहणारी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच धाकट्या भावाला भिणारी,
अक्का