ओंडक्यावरची जागा

रविवार, ६ जानेवारी २००२

हरलो. टेनिस बॉलचा सहा षटकांचा सामना, तोही पुरता खेळता आला नाही — चौतीस धावांत सगळे तंबूत! डेरिक म्हणे कर्णधार. बॅट वर नेतो आणि खाली आणायला विसरतो. चार वर्षं सांगतोय. "हो काका" म्हणतो, पुन्हा तेच.

प्रेक्षक दोन. मी आणि प्लासिड. त्याच्या वाडीतला पडलेला माड सीमारेषेला आणून टाकलाय, त्या ओंडक्यावर आम्ही. वटार हरलं की तो खिशातून सुकेळ्यांची पुडी सोडतो. केळी त्याच्याच वाडीतली, घरी वाळवलेली. एक त्याला, एक मला. नियमच आहे. पुडी घरी परत गेली असं अकरा वर्षांत फार वेळा झालेलं नाही.

घरी सरोजिनी — "चंदनसारहून वटारला जायचं, ते हरलेलं बघायला! पगार देतात का तिथे?"

सोमवार, ७ जानेवारी

दुसऱ्या मजल्यावरचा रमेश. भारत जिंकला की जिन्यात पेढे — "आपण जिंकलो!" हरला की "काय खेळतात हे लोक!" जिंकताना आपण, हरताना हे लोक. पराभवात "आपण" म्हणणारा एक माणूस या इमारतीत मला कुणी दाखवावा.

रविवार, २० जानेवारी

वटार जिंकलं. डेरिकने विरारहून दोन फलंदाज आणलेत, जाण्यायेण्याच्या भाड्यावर आणि मटणाच्या जेवणावर. मारतात, हे मान्य.

पुडी सोडली नाही. चुकल्यासारखं झालं.

रविवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा जिंकलं. अंतिम फेरी! आणि लगेच माणसं उगवली. शिट्ट्या, टोप्या, एक ताशा. यातल्या निम्म्यांना लेगबाय आणि बाय यांतला फरक विचारा, तोंडाकडे बघत राहतील. ओंडक्यावर पाच जण बसलेले. माझ्या जागेवर कोण? रमेश! स्कूटरवरून आलेला. मला म्हणतो, "अरे वा, तुम्हीपण येता वाटतं?"

मी उभ्याने सामना पाहिला.

रविवार, १० फेब्रुवारी

राखेच्या बुधवारपासून चर्चचे उपास सुरू, त्याआधी उरकायचं म्हणून अंतिम सामना आज. वटारला चषक. बोकड. मिरवणूक. पहिल्यांदा!

प्लासिड नाचत होता. रमेशच्या खांद्यावर हात टाकून! त्याला बाजूला ओढला. म्हटलं, "तू पण? महिन्याभरापूर्वी कुठे होते रे हे सगळे?"

"आले ना आता! पोरांना बघायला गाव यावा, हेच पायजे होतं ना आपल्याला?"

"मला नको होतं."

नाचायचा थांबला. घामाने भिजलेला. म्हणाला, "मेकॅनिक, मी हा दिवस बघायला येत होतो. तू कशाला येत होतास रे?"

निघून आलो. अकरा वर्षांची ओळख, आणि मला विचारतो कशाला!

सोमवार, ११ फेब्रुवारी

कशाला?

१९९१. स्पर्धेचा भोंगा बंद पडला म्हणून मला बोलावलं होतं. शाळा आठवीत सुटली, पण ॲम्प्लिफायर मी स्वतः उघडून उघडून शिकलो. कुणी समोर बसवून शिकवलेलं नाही. भोंगा पाऊण तासात चालू केला. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. पिशवी धरून उन्हात उभा. तेव्हा ओंडक्यावरचा एक माणूस सरकला. म्हणाला, "बसा की."

वटार हरत होतं. बसलो.

याला काय कारण म्हणतात?

रविवार, १७ फेब्रुवारी

गेलो नाही.

रविवार, २४ मार्च

आमच्या इमारतीमागे चंदनसारच्या पोरांनी संघ काढलाय. दोन सामने पाहिले, दोन्ही हरले. यष्टिरक्षक चेंडू आला की डोळे मिटतो! बघायला कुत्रंही नाही. बसायला सिमेंटचा पाईप, तो तापतो. पोतं न्यावं लागेल.

सरोजिनी खिडकीतून — "तुम्हाला शोधून शोधून बरे मिळतात हो!"

वटारचं काय चाललंय माहीत नाही. विचारलंही नाही. गर्दी आहे तिकडे, प्लासिडचं बरं चाललं असेल.

रविवार, ७ एप्रिल

आमची पोरं पाच बाद अकरा. मागून आवाज — "सरक की, मेकॅनिक."

प्लासिड! चपला हातात, दोन बस बदलून आलेला.

म्हटलं, "आज रविवार, वटारचा सामना असेल ना?"

"आहे ना. ओंडक्यावर जागा नाय."

इकडे पोरं अजून हरली नव्हती. तरी त्याने पुडी सोडली.

सरकलो.