देवाकडे पाय

पिपलानी, भोपाळ
गणपतीचा चौथा दिवस

ती. सौ. कमलवहिनींस रजनीचा नमस्कार (बसूनच घातलाय, वाकायला सध्या मनाई आहे). दादांचा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत आहे. आमच्या क्वार्टर्समधून कुणी उलट काही कळवलं असेल तर ते पत्र चुलीत घाला.

झालं इतकंच, की परवा मंडळाच्या गणपतीपुढे आरती म्हणताना मी पडले. बावीस वर्षं पुढे उभी राहून मीच म्हणते, तुम्हाला ठाऊक आहे. फॅक्टरीतले साहेब येईपर्यंत पाऊण तास उपाशीपोटी ताटकळलो, आणि तिसऱ्या आरतीला डोळ्यांपुढे काळोख. पडले ती नेमकी देवाकडे पाय करून. सेक्रेटरी नारायणराव धावत आले ते आधी माझे पाय वळवायला. देवासमोर बाई आडवी कशी, म्हणून प्रमिला नि सुलभानं बगलेत हात घालून मला उभी केली. मी पुन्हा गेले. त्यांनी पुन्हा उभी केली. मंत्रपुष्पांजलीपर्यंत चार वेळा हेच. (मधे कुणीतरी नाकाला चप्पल लावली. देवापुढे चप्पल चालते, माझे पाय चालत नाहीत.)

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाले, फार वेळ न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साठतं. एरवी शरीर नसा आवळून, ठोके वाढवून दाब सांभाळतं. पण उपास, उकाडा, कधी नुसती धास्ती, आणि तो बंदोबस्तच उलटा फिरतो: ठोके मंदावतात, दाब उतरतो, डोक्याला रक्त पोचत नाही. आडवं झालं की पोचतं, म्हणून तर माणूस पडतो. म्हणजे माझं शरीर मला वाचवत होतं आणि मंडळ मला उभं करत होतं.

आता मंडळानं ठरवलंय, रजनीताईंनी खुर्चीत बसावं, आरती सुलभा म्हणेल. मी बसणार नाही. पोटभर खाऊन, दोन तांबे पाणी पिऊन, पोटऱ्या आवळत उभीच राहीन. चक्कर वाटली तर आपणहून आडवी होईन, पाय देवाकडे करून, आणि मला उचलायला कोण येतं ते बघतेच.

तुमची,
रजनी

ता. क. हे खुर्चीच्या बाजूचे आहेत. आमचं बोलणं बंद आहे.

आणखी एक. वहिनी, ही गोष्ट मी डॉक्टरांनाही सांगितली नाही. काळोख नंतर आला. त्याआधी मला पुढचं कडवं आठवेना. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या धास्तीनंच पडले असेन. सगळ्या आरत्या मोठ्या अक्षरात लिहून विसर्जनाच्या आत पाठवा. पाकिटावर नाव माझंच घाला. यांनी उघडलं तर मी खुर्चीत बसलेच समजा.