सोडा न घातलेला केक

१५ डिसेंबर, रविवार
पाळकसाहेबांचं प्रवचन: विश्वासात, कुटुंबात आणि कामात आनंद शोधा. पन्नास मिनिटं. मागच्या बाकावर कुणीतरी शेंगा खात होतं. शी.
येताना लतिका म्हणाली, तुम्ही घरात शिरलात की मी आणि ऋतिका हसायचं थांबतो. साफ खोटं. मी असताना या मायलेकी हसल्याचं मला तरी कधी दिसलेलं नाही.
संकल्प: नाताळपर्यंत बायकोला हसवायचं.

१६ डिसेंबर, सकाळी १०.२०, ऑफिस
कामात आनंद शोधायला बसलो. शिपाई मारुतीरावांनी नाताळचा म्हणून टांगलेला कागदी तारा वाकडा. सरळ करताना फाटला. असला कसला कागद आणतात? नऊ फायली परत पाठवल्या. जरा बरं वाटलं.

१९ डिसेंबर
चर्चमध्ये गाण्याची प्रॅक्टिस. सगळे बेसूर. मी एकटाच वेगळा गात होतो, त्यावरूनच कळलं. उठून आलो.

२२ डिसेंबर
यंदा केक मी करणार. लतिका बावीस वर्षं करतेय, नुसता भुसभुशीत, शिस्त नाही. तिला आराम, म्हणजे हसेलच. सोडा घातला नाही. फुगलेपणा मला कुठेच आवडत नाही.

२३ डिसेंबर
डबा खडेबाजारात यल्लाप्पाच्या भट्टीवर दिला. अख्ख्या गल्लीचे केक तिथंच भाजतात. चिठ्ठी टिकायची न्हाय साहेब, खिळ्यानं नाव कोरा, म्हणाला. मला शिकवतो. वीस वर्षं ऑफिसात लेबलं लावतोय मी. चिठ्ठीच चिकटवली.

२४ डिसेंबर
सगळ्या चिठ्ठ्या जळालेल्या. गलथान कारभार. पण माझा केक लांबूनच ओळखला. सगळ्यांत देखणा.

२५ डिसेंबर, संध्याकाळ
केक गाजला. आप्पा, लई भारी झालाय, असं ऋतिका म्हणाली. लतिका दोन तुकडे खाऊन डब्याचा पोचा बघत बसली. हसली नाही. हेवा, दुसरं काय.
शेजारच्या जयाबाईंकडून फराळाचं ताट आलं. करंज्या ठीक. केक म्हणजे वीट. दाढ हलली. किळस आली. ताट रिकामं पाठवू नये म्हणून आमच्या केकचे चार तुकडे ठेवले, सोबत चिठ्ठी: ताई, सोडा घालत जा.

२६ डिसेंबर, सकाळ
जयाबाई चिठ्ठी घेऊन आल्या. भाऊजी, माझाच केक मला पाठिवलासा व्हय, तुमचा आमच्यात आलाय, म्हणाल्या. लतिकाला कालच कळलं होतं. आमच्या डब्याला पोचा नाही.
मग ती हसली. खांब धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ऋतिकाही. मी समोर असताना.
संकल्प पूर्ण. तरी मागच्या दारी येऊन बसलोय. जयाबाईंनी उरलेला केक परत दिला. चहात बुडवून बघतोय. पाच मिनिटं झाली, अजून मऊ होत नाही.