सोमीने फाडलेले पान

मी, कमळा रामनाथ तरे, वय एकाहत्तर, राहणार शेलार, तालुका भिवंडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचाही नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, बँकेतली ठेव आणि दागिने मुलगा देवेश याला मिळावेत.

२. घरामागची दोन गुंठे जागा, जिथे अंबाडीकडच्या पाड्यावरून आमच्या शेतावर राबायला आलेला नवशा झोपडी बांधून राहतो, ती नवशाच्या नावे करावी. देवेशला तिथे गोदाम बांधायचे आहे. बांधू नये.

३. माझे यजमान मुंबईहून आणत त्या चित्रकथा, म्हणजे जुनी काव्ये-नाटके मुलांसाठी रंगीत चित्रांत सांगणारी पुस्तके, सगळी नवशाच्या मुलीला, सोमीला द्यावीत. तिने ती वाचावीत, विकावीत नाहीतर चुलीत घालावीत. देवेशला ती जपून ठेवायची होती, म्हणून कारण लिहिते.

मंगळवारी ओटीवर मी सोमीला त्यातली एक गोष्ट वाचून दाखवत होते. राजपुत्राचा बाण राक्षसाच्या छातीत घुसतो, त्या पानावर मी नेहमीसारखी टाळी वाजवली. देवेश लहानपणी तिथे खदखदून हसायचा. सोमीने चित्रावर बोट ठेवले.

"ह्यो माझा बा हाय. ह्याला का मारला?"

"अगं, तो राक्षस आहे."

"न्हाय. बाच हाय."

समोर अंगणात नवशा उघड्या अंगाने पेंढ्याचे भारे रचत होता. तेच कुरळे केस, तोच रंग, तेच रुंद नाक. हे पान मी किती पोरांना वाचून दाखवले असेल, आणि मला एकदाही दिसले नव्हते!

सोमी थुंकी लावून तो बाण पुसू लागली. पान फाटले. देवेश आतून धावत आला. "आई, अख्खा संच बिघडवला हिने!" त्याने हात उगारला, तो मी वरच्यावर धरला.

"हिच्यासाठी माझा हात धरतेस?"

तेवढ्यात नवशा आला आणि त्याने हात जोडले. "पोरीला कळत न्हाय, बाय. माफी करा." मग फाटके पान उचलून निरखत त्याने विचारले, "ह्यो कोन हाय?"

मी पान परत घ्यायला हात पुढे केला.

"राक्षस रे," देवेश म्हणाला.

आणि नवशा हसला. आम्हाला बरे वाटावे म्हणून हसला.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: कमळा रामनाथ तरे
साक्षीदार: १. दौलत काळू म्हात्रे २. गुणाबाई हरी भोईर
शेलार, २ डिसेंबर २००६