बाबांच्या पदकाची फीत

२ मार्च

चि. टिल्लू यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये असं तुझी बायको म्हणते. पण तुला भारदस्त नाव शोभेल असं काही तुझ्या हातून अजून घडलेलं नाही.

सोबतच्या डबीत बाबांचं पदक आहे. दचकू नकोस, वाटण्या करत नाहीये. बाबा ज्या टेलिफोन केंद्रात नोकरीला होते तिथे खालच्या दालनात काचेचं कपाट ठेवताहेत. युद्धात तारा जोडणाऱ्या माणसांच्या वस्तू त्यात मांडायच्या आहेत. बाबांचं पदक देते, असा मी ते कपाट मांडणाऱ्या बाईंना आपण होऊन शब्द दिला. त्या म्हणाल्या, युद्धानंतर काढलेल्या नकला बाजारात फार आहेत, तेव्हा जाणकाराचा कागद हवा. मी म्हटलं, जाणकार आमच्या घरातच आहे. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, आणि आता जुनी पदकं घरभर मांडून बसतो, बायकोला टेकायला खुर्ची मोकळी ठेवत नाही.

पदक स्वच्छ करून पाठवलं आहे. आपल्या घरची वस्तू मळकी बाहेर गेलेली मला खपत नाही. दोन ओळी खरडून लगेच परत धाड. कपाट पुढच्या महिन्याच्या एक तारखेला उघडणार आहे.

लोभ आहेच, तो जपून वापर.

तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. डबी पोचली. सात कागदांत गुंडाळून वर दोरीच्या इतक्या गाठी मारल्या होत्यास की पदकापेक्षा गाठींचाच अभ्यास जास्त झाला.

आता जे लिहितो ते रागावू नकोस. पदकाच्या फितीवर मी माझा अतिनील किरणांचा जांभळा दिवा धरला. युद्धाच्या काळातला धागा या उजेडात विझलेला दिसतो. पुढे धाग्यात चमक आणणारी द्रव्यं घालायला लागले, तो धागा निळसर पांढरा उजळतो. आपली फीत उजळली, आणि तीही लख्ख. फीत उजळली की पुढे बघायचं नाही, हा माझा नियम आहे. भिंग काढलंच नाही.

तेव्हा ही नक्कल आहे, ताई. खरं पदक बाबांकडून हरवलं असेल आणि त्यांनी नंतर हे विकत घेतलं असेल. किंवा मिळालंच नसेल. मी तेव्हा चार वर्षांचा, मला काय आठवणार! पण खोट्या वस्तूला खरेपणाचा कागद मी देणार नाही, मग ती बाबांची का असेना.

लोभ कमी झाला असल्यास टपालाने कळवावे.

तुझा,
टिल्लू

१४ मार्च

चि. टिल्लू यास,

आशीर्वाद. आज एकच देते, अनेक नाहीत.

बाबा ते पदक लावून कधी मिरवले नाहीत. मी एकदाच विचारलं होतं. म्हणाले, गोळीबारात तुटलेली तार जोडायला आम्ही तिघं गेलो होतो, परत मी एकटा आलो, म्हणून तिघांचं मिळून हे माझ्याकडे ठेवायला दिलंय. एवढंच बोलले आणि उठून बाहेर गेले. आता पदक बाजारातलं म्हणतोस. मग ते दोघेही बाजारातूनच आणले होते का?

या वयात माझं हसं झालं तर होऊ दे, मला सवय आहे. बाबांचं होऊ नये. तिथल्या बाईंना अजून काही कळवलेलं नाही. काय कळवू ते सुचतही नाही.

आणि मी वेडी किती खपले त्याच्यासाठी! फीत सोडवून नव्या धुण्याच्या पावडरीत भिजवली, हलक्या हाताने चोळली, वाळवून इस्त्री फिरवली, पुन्हा शिवली. ती पावडर मी पाहुण्यांच्या चादरींनासुद्धा काढत नाही. चार दिवस गेले त्यात. नकलेसाठीच खपायचं होतं तर तुझी एखादी जुनी पँट रफू केली असती.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. वन्संना,

सा. न. तुमचं पत्र वाचून यांनी ते खणात टाकलं आणि दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. घरात मीच आहे, म्हणजे माझ्याशी. तेव्हा मी खण उघडून पत्र वाचलं. चोरून नाही, त्यांच्या समोर बसून.

काल दुपारी खिडक्या लावून दुसरंच एक पदक बघत बसले होते. मी चहा घेऊन गेले. दिवा जरा कलला आणि यांचं बनियन असं उजळलं की खोलीत ट्यूबलाइट लागल्यासारखं वाटलं. मी विचारलं, हे बनियन युद्धाच्या आधीचं की नंतरचं? म्हणाले, अडाण्यासारखं बोलू नकोस, ते पावडरीमुळे चमकतंय. मग मी तुमच्या पत्रातल्या फीत धुतल्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

वन्सं, त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. आपल्या कपाटातली एक जुनी, कधी न धुतलेली फीत काढली, तिचा तुकडा कापला, मोरीत नेऊन माझ्या पावडरीने धुतला आणि फुंकरी मारत वाळवला. दिव्याखाली धरला तर तोही लख्ख! आता भिंग घेऊन बसले आहेत. चहा तिसऱ्यांदा गार झाला.

तुमची माया आहे तशीच राहू द्यावी. यांच्यावर थोडी कमी चालेल.

आपली,
भावजय

२० मार्च

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. साष्टांग हा शब्द आज अक्षरशः घे.

जन्मभर मुलांना सांगत आलो, एका पुराव्यावर निकाल देऊ नका. आणि बाबांच्या बाबतीत मी भिंगसुद्धा न काढता निकाल दिला. दिव्याने फसवलं त्याचं काही वाटत नाही, भिंग न काढल्याचं वाटतं. फार वाटतं.

आता नीट बघितलं आहे. ओतून केलेल्या नकलेच्या कडेवर साच्याची शिवण राहते आणि अक्षरांच्या खाचांत बारीक खड्डे पडतात, कारण ओतताना हवा अडकते. इथे शिवण नाही, खड्डे नाहीत. ठसा ठोकून उठवलेला आहे, अक्षरांच्या कडा अजून नखाला लागतात. वजन आणि कडीचा सांधा माझ्याकडच्या खऱ्या पदकांसारखेच आहेत. ताई, पदक अस्सल आहे. कागद सोबत जोडला आहे, सहीखाली दोनदा रेघ मारली आहे. फीत मात्र कृपा करून परत धुऊ नकोस.

एकच खोट राहिली. कडेवर समोरासमोर दोन खोल खुणा आहेत. कुणा गाढवाने पदक पकडीत धरून पिळायला बघितलेलं दिसतं. कानस मारून सपाट करू का? कपाटात बरं दिसेल.

पदक अजून माझ्याकडेच आहे. ते परत करीपर्यंत तरी लोभ असू दे.

तुझा,
टिल्लू

२५ मार्च

चि. टिल्लू यास,

अनेक उत्तम आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून. कागद मिळाला. दोनदा वाचला आणि थोडी रडले. तुझ्या बायकोला सांगू नकोस, तिला माझा धाक राहायला हवा.

कानस लावलीस तर याद राख. त्या गाढवाचं नाव मला माहीत आहे.

बाबा युद्धावरून आले तेव्हा दारातल्या माणसाला तू ओळखलं नाहीस. जो पलंगाखाली शिरलास तो बाहेर येईनास. बाबांना बघितलं की रोज हेच चालायचं. बाबाही भिंतीकडे बघत बसायचे, जेवायला हाक मारली तरी त्यांना ऐकू जात नसे. एका संध्याकाळी त्यांनी फीत काढून ते पदक जमिनीवर चाकासारखं सोडलं. ते घरंगळत पलंगाखाली गेलं आणि मागोमाग तू बाहेर आलास, पदक हातात घेऊन. तुझ्या लाकडी गाडीचं एक चाक मोडलं होतं, ते तुला त्याचं करायचं होतं. चाकाच्या मापाचं करायला तू थेट बाबांची तारा तोडायची पकड उचललीस. आई ओरडली. बाबा हसले. आल्यापासून पहिल्यांदा हसले.

चार वर्षांच्या पोराच्या हातून धातूवर ओरखडासुद्धा उठला नसता. तुझा जोर पुरेना, म्हणून बाबांनी तुला मांडीवर घेतलं आणि पकडीवरच्या तुझ्या हातांवर आपले हात ठेवून दाबलं. त्या खुणा तुम्हा दोघांच्या आहेत.

पदक तसंच पाठव. कपाटात त्या खुणा समोर येतील असं मांडायला मी बाईंना सांगणार आहे.

दोघांवर लोभ आहे. भावजयीवर काकणभर जास्त.

तुझी,
ताई